थुंकीच्या ग्लासवाल्या मेसेजबद्दल खुलासा

परवा मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज, सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकायचं, खाली दोरे लोंबले की पोटात यीस्ट म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलीय, मग रोज कच्चा लसूण न् दोन चमचे खोबरेल तेल. तो चुकीचा आहे, माझंच चुकलं, न वाचता ढकलला.

मी स्वतः करून पाहिलं. पहिल्या दिवशी दोरे आले, दुसऱ्या दिवशी आधी दोन ग्लास पाणी प्यायलो तर काहीच नाही. आता एका रात्रीत यीस्ट कुठं जाणार? लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं, तोंड कोरडं असलं की लाळ घट्ट होते न् दोरे सुटतात, बास. शिवाय कॅन्डिडा कितीतरी धडधाकट माणसांच्या आतड्यात असतंच, असणं म्हणजे आजार नव्हे.

लसूण, खोबरेल यांनी यीस्ट मरतं ते लॅबमधल्या काचेच्या बशीत, पोटात तसंच होतं हे सिद्ध नाही. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा कच्चा लसूण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ताक-दही खुशाल घ्या, फक्त औषध म्हणून नको.

तोंडात पांढरे चट्टे, गिळताना दुखणं, त्यात शुगर असेल तर सरळ डॉक्टर गाठा. जुना मेसेज कुणाला पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा, हा पाठवा.