पेनड्राइव्हने रॅम वाढत नाही, आणि पेजफाइल तर बंद करूच नका

परवा रात्री साडेदहाला कोथरूडवरून मामाचा फोन. एक्सेल उघडत नाहीये, मेमरी कमी आहे म्हणतंय. मामा सोसायटीचा खजिनदार, ऑडिट तोंडावर आलेलं. काय केलंस विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज! ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, रेडीबूस्ट चालू करा, ४ जीबीचा लॅपटॉप ३६ जीबी रॅमचा होतो, मग व्हर्च्युअल मेमरी (म्हणजे पेजफाइल, रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करा म्हणजे सी ड्राइव्हवर जागा होते आणि एसएसडी झिजत नाही, फक्त पेनड्राइव्ह काढू नका नाहीतर विंडोज उडेल.

३६ जीबी कुठून आले? टास्क मॅनेजर उघडून बघा, पेनड्राइव्ह लावायच्या आधी ४ आणि लावल्यावरही ४. रेडीबूस्ट ही रॅम नाहीच, हार्ड डिस्कवरून वाचायच्या गोष्टींची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवायची सोय आहे, बस. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीतून त्याच्या हजारपट तरी. यूएसबी २ चा पेनड्राइव्ह सेकंदाला ३०-३५ एमबी देतो, साधी डीडीआर४ रॅम १९ जीबीच्या आसपास. दोन्हीला 'जीबी' म्हणतात म्हणून त्यांची बेरीज होत नाही.

खरा राग मला व्हर्च्युअल मेमरीच्या मुद्द्याचा आहे, कारण मामाचं काम त्यानेच अडलं. विंडोज सगळ्या प्रोग्रामना मिळून किती मेमरी कबूल करू शकतं त्याची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, आणि या बेरजेत रेडीबूस्ट धरलंच जात नाही. पेजफाइल शून्य केली की सगळा कारभार ४ जीबीत, ब्राउझरचे दहा टॅब आणि वर एक्सेल उघडलं की मर्यादा संपली, मग पुढचा प्रोग्राम उघडत नाही किंवा चालू असलेला बंद पडतो, आणि सेव्ह न केलेलं गेलं. मामाचा अर्ध्या तासाचा हिशोब असाच गेला. असला सल्ला साठीतल्या माणसाला पाठवताना एकदा स्वतःच्या मशीनवर करून बघायला काय होतं?

आणि एसएसडी झिजण्याचं म्हणाल तर विंडोज ७ बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या टीमने २००९ मध्येच स्पष्ट लिहिलंय की पेजफाइल एसएसडीवर खुशाल ठेवा, त्यांनी तपासलेल्या माहितीत पेजफाइलमधून वाचणं आणि तिच्यात लिहिणं याचं प्रमाण ४० ला १ होतं, आणि एसएसडी झिजते ती लिहिण्याने. त्याच लेखात हेही आहे की सिस्टिम ड्राइव्ह चांगली एसएसडी असेल तर विंडोज रेडीबूस्ट आपणहून बंद ठेवतं. मामाच्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कच्या जागी असते ती चिप) आहे, तीही एसएसडीसारखी फ्लॅशच, म्हणजे एका फ्लॅशवरचा माल दुसऱ्या, बहुतेक वेळा त्याहून मंद फ्लॅशवर नेऊन ठेवायचा.

पेनड्राइव्ह काढला तर विंडोज उडतं हे साफ खोटं, मूळ डेटा डिस्कवर असतोच.

एक मान्य करावं लागेल. २००७ ला व्हिस्टा आलं तेव्हा ५१२ एमबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर रेडीबूस्टने फरक पडायचा, कारण डिस्कचं हेड जागेवर पोचायलाच दहाएक मिलिसेकंद जायचे आणि बारीकसारीक वाचनात पेनड्राइव्ह पुढे असायचा. घरात अजून तसं मशीन असेल तर लावा, पण तिथेही पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन रॅमची जुनी स्टिक शोधलीत तर जास्त उपयोग होईल.

मामाच्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, त्यामुळे तो रस्ता बंद. पेजफाइल पुन्हा ऑटोमॅटिक केली, रीस्टार्ट केलं, एक्सेल उघडलं. जागेसाठी हायबरनेट (बंद करताना रॅममधलं डिस्कवर साठवायची सोय) बंद केलं, त्यात दीडेक जीबी सुटले (चालू व्हायला जरा वेळ लागेल, ते सांगितलंय), आणि फोटो, पीडीएफ सगळे मेमरी कार्डवर हलवले. पेनड्राइव्हवर आता हिशोबाचा बॅकअप आहे.