डावीकडे दुखलं तरी अपेंडिक्स असू शकतं

"ज्यांचं हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे असतं, ती माणसं फार जगत नाहीत. त्यांचं ऑपरेशन करताच येत नाही. आणि अपेंडिक्स फक्त उजवीकडे दुखतं, डावीकडे दुखलं तर तो गॅस." हा मजकूर पुन्हा फिरतोय. त्यातलं शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा येतो, कारण त्यावर विसंबून कुणी घरी बसून राहिलं तर जिवावर बेतेल.

आधी आयुष्याचं. पोटातले आणि छातीतले अवयव आरशात दिसावेत तसे उलट बाजूला असणं, म्हणजे साइटस इन्व्हर्सस, साधारण 10 हजारांत एखाद्याला असतं. सगळंच उलटं असेल तर बहुतेक माणसं नेहमीसारखं आयुष्य जगतात. काहींना जोडीला फुप्फुसाचा जुनाट त्रास असतो, तो भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या रोझ मेरी बेंटली यांचं हृदय डावीकडेच होतं, पण पोटातले अवयव उलटे. या प्रकारात हृदयाचे दोष बरेचदा आढळतात, तरी त्या 99 वर्षं जगल्या. 2017 मध्ये त्या गेल्या आणि देहदानानंतर शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आलं. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

त्यांची पित्ताची पिशवी, अपेंडिक्स आणि गर्भाशय ही तिन्ही आयुष्यात कधी ना कधी काढलेली होती. मग ऑपरेशन होत नाही म्हणणं कुठे टिकतं? दुर्बिणीतून अशा रुग्णाची पित्ताची पिशवी काढल्याची नोंद 1991 पासून आहे. अवघड मात्र जातं. सर्जन रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा राहतो, मॉनिटर समोर डावीकडे जातो, पोटावरची छिद्रंही बाजू बदलतात. ज्याचा उजवा हात सरावलेला आहे, त्याला पित्तनलिकेजवळचं नाजूक सोडवणं डाव्या हाताने करावं लागतं किंवा हात एकमेकांवरून न्यावे लागतात. वेळ जास्त लागतो आणि तो द्यावा. घाईत चुकीची नळी कापली जाण्याचा धोका असतो.

आता ते डावीकडचं दुखणं. मोठ्या आतड्याची सुरुवात जिथे, तिथे अपेंडिक्स. गर्भात आतडं नाळेत जाऊन परत येताना एकूण 270 अंश वळतं. ते वळणं अर्धवट राहिलं तर अवयव सरळ बाजूला असूनही अपेंडिक्स डावीकडे किंवा मध्यभागी राहू शकतं. शिवाय अशा आतड्याला पीळ पडण्याची भीती असते, मोठेपणीसुद्धा. उलट, अवयव आरशासारखे असलेल्या काहींना अपेंडिक्स डावीकडे असूनही दुखतं मात्र उजवीकडे. म्हणून नुसत्या बाजूवरून निदान ठरवू नका. दुखणं वाढतंय, ताप आहे, उलट्या होतायत, तर गॅसची गोळी घेऊन वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घ्या.

आणि आपले अवयव उलटे आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी रिपोर्टची झेरॉक्स पाकिटात ठेवावी, घरच्यांनाही सांगावं. हृदय उजवीकडे असेल तर ईसीजीच्या तारासुद्धा दुसऱ्या बाजूला लावाव्या लागतात, आणि बेशुद्ध माणूस ते सांगू शकत नाही.