गालावर पट्टे असले तरी तो कस्तूरच

नारिंगी डोक्याच्या कस्तुराची ओळख सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर बराच फिरतो आहे. डोके संपूर्ण नारिंगी असेल तरच तो हा पक्षी, गालावर काळे पट्टे दिसले तर जात वेगळी, मादीला पट्टे नसतात आणि झाडावरून गाणारा पक्षी हा असूच शकत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या जंगलांत यातले एकही विधान टिकत नाही.

सर्वांत मोठा घोळ पट्ट्यांचा आहे. संदेशातले वर्णन हिमालयात वीण करणाऱ्या उपजातीला लागू पडते. कर्नाळ्यात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आढळणाऱ्या द्वीपकल्पीय उपजातीचा गाल आणि गळा पांढरा असतो आणि गालावर दोन गडद उभे पट्टे असतात, एक डोळ्याखालून उतरणारा व दुसरा कानाजवळ. जार्डीन आणि सेल्बी या पक्षीशास्त्रज्ञांनी 1828 मध्ये वर्णन केलेला हाच तो पक्षी. उपजात वेगळी, जात एकच. अर्थात हिमालयातले पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरत असल्याने बिनपट्ट्यांचा पक्षी दिसला म्हणून तोही लगेच बाद करू नये.

याच पट्ट्यांमुळे काही जण त्याला नवरंग ठरवतात, ते तर अधिकच अनाकलनीय. नवरंगाचा काळा पट्टा डोळ्यावरून आडवा जातो, पाठ हिरवी, शेपूट आखूड आणि बुडाखाली लाल रंग असतो. कस्तुराची पाठ निळसर करडी, बूड पांढरे.

पट्टे मादीलाही असतात. फरक पाठीच्या रंगात असतो, कारण तिच्या करड्या पाठीवर तपकिरी-हिरवट झाक दिसते.

राहिला गाण्याचा मुद्दा. पालापाचोळा उलथून किडे आणि गांडुळे शोधणारा हा पक्षी चाहूल लागताच निश्चल उभा राहतो किंवा आवाज न करता जवळच्या फांदीवर जातो, म्हणून तो फक्त जमिनीवरचाच असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु विणीच्या काळात नर पानांनी झाकलेल्या फांदीवर बसूनच गातो, आणि त्यात इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही मिसळतो. तेव्हा ध्वनी ओळखणाऱ्या ॲपने बुलबुलाचे नाव दाखवले, तरी गाणारा दिसेपर्यंत नोंद करू नये.