लुक्लाचं विमान: एकदाचं खरं सांगा ना!

नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला विमानतळावर ढग आहेत, हे मला कळतं. २,८४५ मीटर उंची, जेमतेम ५२७ मीटरची उतरती धावपट्टी, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिक 'नाही' म्हणाला तर त्याला हात जोडीन. पण विमान कंपन्यांनो, आम्हाला ते सांगायला काय होतं?

सीझनमध्ये मध्यरात्री जीपमध्ये कोंबून काठमांडूहून लुक्लाचं विमान पकडायला रामेछापच्या विमानतळावर न्यायचं, चार-पाच तास हाडं खिळखिळी करायची, पहाटे रांगेत उभं करायचं. आणि मग? 'अर्ध्या तासात.' सहाला अर्धा तास, नऊला अर्धा तास, अकरालाही अर्धाच तास! दुपारी तिकडे वारा सुटतो, हे तुम्हाला माहीत नाही? मग वेळेत सांगा, माणूस निदान जेवेल तरी!

वर सामानाची मर्यादा पंधरा किलो. बर्फावर चढायला बुटांना लावायचे खिळेदार क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हार्नेस, डबल बूट यांतच संपतात हो ते! उरलेली बॅग 'मागच्या विमानाने येईल'. कुठलं मागचं विमान?

आणि वाया गेलेले दोन दिवस कापायचे कुठून? उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेत नामचे गावी ठेवलेल्या विश्रांतीतून! ३,४४० मीटरवर शरीर असली घाई ऐकतं का?