'झूम जास्त तोच पक्ष्यांचा कॅमेरा' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

पक्ष्यांच्या फोटोसाठी काय घेऊ असं कुणी विचारलं की एक ठरलेला मेसेज येऊन पडतो. सगळ्यात जास्त एक्स झूमवाला कॅमेरा घ्या, क्रॉप बॉडीवर (म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ४०० एमएमची लेन्स ६०० होते, तरी कमी पडलं तर २ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून लेन्सची लांबी वाढवणारा तुकडा) लावा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलं की शटर किती वेगाने उघडतं-मिटतं याची चिंता नको, आयएसओ (कमी प्रकाशात फोटो उजळ करणारं सेटिंग) ८०० च्या वर नेऊ नका, आणि नेटवर सॅम्पल फोटो असतात त्यामुळे ट्राय करत बसायची गरज नाही. नवीन माणूस यावर विश्वास ठेवून पैसे घालतो आणि फोटो काही येत नाहीत, मग त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. हे मला खरंच खटकतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊया.

पहिला झूमचा. एक्स म्हणजे लांबचं किती मोठं दिसतं हे नाहीच मुळी, लेन्सचं सगळ्यात लांब टोक भागिले सगळ्यात आखूड टोक एवढाच तो हिशोब. १५०-६०० ची लेन्स पक्षीवाले जगभर वापरतात, तिचा झूम फक्त ४ एक्स. ६०० ची प्राइम, म्हणजे एकाच लांबीची लेन्स, तर झूम होतच नाही. उलट निकॉनचा पी१०००, २०१८ चा, १२५ एक्स, २४ ते ३००० एमएम असं म्हणतात, पण ते ३००० म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या तुलनेत, लेन्स प्रत्यक्षात ५३९ एमएमची आहे आणि त्या टोकाला एफ/८ (हा आकडा जितका मोठा तितका आत येणारा प्रकाश कमी). बाकीची करामत छोट्या सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ एमएम, म्हणजे ८६४ चौरस एमएम, आणि पी१००० चा जेमतेम २८, तीसपट फरक आहे हो! भर उन्हात लांब बसलेला पक्षी कुठला ते ओळखायला, नोंद ठेवायला हा कॅमेरा छानच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पहाटे झाडीत किंवा उडत्या पक्ष्यावर त्याच्याकडून पिसांची डिटेल मागू नका.

आणि या रीचच्या, म्हणजे लांबचं पकडण्याच्या, नादात अंतराचा विचार कुणी करतच नाही. ६०० एमएम, फुल फ्रेम, पक्षी २० मीटरवर, तर फ्रेममध्ये १.२ मीटर रुंदीचा भाग येतो. चिमणीएवढा १५ सेंमीचा पक्षी म्हणजे त्या रुंदीचा आठवा हिस्सा, बस. तोच पक्षी १० मीटरवर आला की चौथा हिस्सा, आणि क्षेत्रफळ चौपट. हे मिळवायला १२०० ची लेन्स लागली असती! म्हणून आडोशाला गप्प बसून पक्ष्याला आपणहून जवळ येऊ देणं हा गिअरचाच भाग धरा. घरट्याजवळ मात्र नाही, तिथे लांबच राहायचं, फोटो नाही मिळाला तरी चालेल.

क्रॉप बॉडीचं अर्धं खरं आहे. लेन्स ४०० चीच राहते, सेन्सरवर पक्षी तेवढाच पडतो, फक्त कडा कापल्या जातात. बघायचं ते हे की पक्ष्यावर पिक्सेल किती पडले. निकॉन डी८५० हा ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, तो क्रॉप मोडला टाकला की साधारण १९ उरतात, आणि डी५०० हा क्रॉप बॉडी असून जवळपास २१ चा, म्हणजे फरक नावापुरता. पण तुमचा फुल फ्रेम २४ चा असेल तर क्रॉप करून १०-११ च उरतात, तिथे २० च्या पुढची क्रॉप बॉडी खरंच जास्त देते, आणि सहसा हलकी नि स्वस्त पण असते. तेव्हा आकडे मांडून ठरवा.

टेलिकन्व्हर्टरचं थोडक्यात. १.४ एक्स एक स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश अर्धा करतो, २ एक्स दोन. एफ/४ च्या प्राइमवर १.४ लावला तर एफ/५.६, मजेत चालतं. एफ/६.३ च्या झूमवर २ एक्स लावला की एफ/१३ च्या आसपास, प्रकाश चौथाई, बऱ्याच डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस तिथे हातच टेकतो.

स्टॅबिलायझेशनवर तर किती जण फसतात. ते तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याची मान नाही. १/६० सेकंदाच्या शटरला फांदी एकदम शार्प आणि डोकं पुसलेलं, असा फोटो आला की लोक लेन्सला दोष देतात. बसलेल्या चुळबुळ्या पक्ष्याला १/५०० तरी द्या, उडत्याला १/२००० च्या आसपास. आणि एवढा शटर द्यायचा तर आयएसओ वर जाणारच, पहाटे ३२०० सुद्धा लागतो, जाऊ द्या! नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बऱ्यापैकी काढता येतो, हललेला डोळा परत येत नाही. ८०० ला अडून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, तर नॉइज तिथेही वर येतोच, मग मिळवलं काय?

आता ट्राय न करता घ्या म्हणतात ते. माझ्याकडे एकदा दोन दिवसांसाठी झूम लेन्स आली होती, भर दुपारी तापलेल्या माळावर ६०-७० मीटरवरच्या पक्ष्यांवर टेस्ट केली, सगळं मऊ, परत द्यायचीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तीच लेन्स १५ मीटरवर, पीस न् पीस सुटं. लेन्सचा काही दोष नव्हता, मधली गरम हवा थरथरत होती. त्यामुळे टेस्ट सकाळी करा, स्वतःचं मेमरी कार्ड घाला. आधी ट्रायपॉडवर, लांब टोकाला, अपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) पूर्ण उघडं ठेवून स्थिर वस्तूवर, म्हणजे लेन्स आणि आपला हात वेगळे कळतात. मग हातात धरून वीस मिनिटं फिरा, दोन किलोच्या वरची लेन्स पाच मिनिटांत हलकीच वाटते, खांदा विसाव्या मिनिटाला बोलतो. फांद्यांच्या जाळीतला पक्षी द्या, फोकस डोळ्यावर बसतो की पुढच्या काडीवर ते बघा. उडता पक्षी लांब टोकाला व्ह्यूफाइंडरमध्ये सापडतो का, की आधी मागे झूम करून शोधावा लागतो, आणि मग रिंग एका वळणात शेवटपर्यंत जाते का हात दोनदा बदलावा लागतो? मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरवर फडफडते पंख वाकडे येतात का ते पण तपासा. सगळे फोटो घरी १०० टक्क्यांवर उघडा, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं.