'परफेक्ट लिक्विड' म्हणे नुसती पब्लिसिटी!

तो 'ब्रुकहेवनवाल्यांनी (अमेरिकेतली अणुभौतिकीची प्रयोगशाळा) जगाला उल्लू बनवलं'वाला फॉरवर्ड परत फिरतोय. म्हणणं काय, तर सोन्याची अणुकेंद्रकं आदळून 'परफेक्ट लिक्विड' (म्हणजे जवळजवळ अडथळ्याविना वाहणारा द्रव) बनवलं हे थोतांड, एवढ्या तापमानाला वाफच होणार.

आता हे वाफेचं. तापमान साधारण ४ लाख कोटी डिग्री, मान्य. आणि गंमत म्हणजे बऱ्याच शास्त्रज्ञांनाही आधी हेच वाटायचं, की क्वार्क-ग्लुऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) सुटे झाले की गॅससारखे वागणार. म्हणजे लिक्विड हवं होतं म्हणून सापडलं असं नाहीये, उलटं निघालं, म्हणून तर २००० साली सुरू झालेल्या ब्रुकहेवनच्या टकरी घडवणाऱ्या मशीनवरच्या (RHIC) चारही प्रयोगांनी डेटा चाळून २००५ मध्ये ते जाहीर केलं.

दिसलं काय नेमकं? दोन केंद्रकं समोरासमोर न आदळता जरा बाजूने आदळली की मधे बदामाच्या आकाराचा तापलेला भाग तयार होतो. गॅस असता तर कण एकमेकांना न विचारता सगळीकडे सारखेच उडाले असते ना? पण बदामाची रुंदी जिकडे कमी तिकडे जास्त कण गेले, कारण तिकडे दाब पटकन उतरतो, आणि असं फक्त शेजारी शेजाऱ्याला ढकलत असेल तरच होतं. यालाच इलिप्टिक फ्लो म्हणतात. २०१० मध्ये सर्नला (युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा) शिशाच्या टकरींतही तेच दिसलं (तिथल्या ॲलिस प्रयोगात आपली आयआयटी बॉम्बेपण आहे, सहज सांगितलं).

'चार-दोन हजार कणांना कोण द्रव म्हणतं?' मोजणी करून ठरत नाही हो ते, दुसऱ्याला धडकेपर्यंत कण किती लांब जातो यावर ठरतं.

'म्हणे पाण्यापेक्षा पातळ!' इथे फॉरवर्डवाल्याला अर्धा मार्क. नुसता चिकटपणा बघितला तर हा पदार्थ डांबरालाही लाजवेल. कमी आहे ते चिकटपणा आणि एन्ट्रॉपीचं (पदार्थातल्या अव्यवस्थेचं माप) गुणोत्तर, बातम्यांनी तेवढंच गाळलं.

शेवटचा मुद्दा मात्र खरंच दमदार आहे, प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही २०१० मध्ये तसलाच पॅटर्न दिसला, मग लिक्विड कॅन्सल? फिनिक्सवाल्यांनी (ब्रुकहेवनच्या त्या चार प्रयोगांपैकी एक) सोन्यावर प्रोटॉन, ड्यूटेरॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी) आणि हीलियम-३ (तीन कणांचं केंद्रक) मारून बघितलं, तर ड्यूटेरॉनला लांबट आणि हीलियमला तिकोनी पॅटर्न जास्त, म्हणजे सुरुवातीच्या आकाराप्रमाणेच. नुसत्या प्रोटॉन-प्रोटॉनवर अजून भांडण चालू आहे, पण ते भांडण थेंब किती छोटा असू शकतो यावर आहे, सोन्याच्या टकरीत थेंब होता की नाही यावर नाही.