वॉशिंग्टन स्टेटचा संघ खालच्या विभागात गेलेला नाही

‘पॅक-१२ परिषद बंद पडली आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ खालच्या विभागात ढकलला गेला’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. पॅक-१२ ही आपसात सामने खेळणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांची संघटना; अशा संघटनेला परिषद म्हणतात. दूरचित्रवाणी हक्कांच्या मोठ्या उत्पन्नासाठी २०२४ मध्ये बारापैकी दहा विद्यापीठे बिग टेन, बिग १२ आणि एसीसी या परिषदांत गेली, हे खरे. मात्र न्यायालयीन लढाईनंतर पॅक-१२चा कारभार वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या उरलेल्या दोघांकडेच राहिला. सर्वोच्च विभागातील परिषदेला किमान आठ सदस्य लागतात आणि संख्या घटल्यास ती भरून काढायला नियमाने दोन वर्षांची मुदत मिळते. त्या मुदतीत बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांचा प्रवेश ठरला. नवी रचना १ जुलै २०२६ पासूनची आहे.

उत्पन्न घटल्याची चिंता रास्तच आहे, कारण हे विद्यापीठ जिथे आहे त्या पुलमनसारख्या गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या छोट्या गावाला सिएटलसारख्या मोठ्या शहराची बाजारपेठ लाभलेली नाही. पण म्हणून संघाची पातळी घसरली, असे म्हणणे खेळाडूंवर अन्याय करणारे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सिएटलमध्येच, शेवटच्या मिनिटांत गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर प्रतिस्पर्ध्यांना रोखून, याच संघाने बाहेर पडलेल्या दहांपैकी एक असलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला २४-१९ असे हरवले होते.